नकाशाची निळी नक्कल



यंदाच्या व्याख्यानमालेचा विषय 'नियोजन' आहे. आधीच्या वक्त्यांनी अर्थकारण, शेती, शहरं अशा बाजूंनी तो मांडला. मी आज फक्त एक शब्द घेऊन आलो आहे. शब्द इंग्रजी आहे, पण मराठी वर्तमानपत्रांत तो इतका रुळलाय की त्याला परका म्हणायला जीभ वळत नाही. तो शब्द म्हणजे ब्लूप्रिंट. विकासाची ब्लूप्रिंट, दुष्काळमुक्तीची ब्लूप्रिंट, शिक्षणाची ब्लूप्रिंट. निवडणूक आली की प्रत्येक पक्षाकडे एक असते. कंपनीचा नवा प्रमुख आला की तो एक मांडतो. क्रिकेटचा संघ जिंकला की दुसऱ्या दिवशी विजयाची ब्लूप्रिंट छापून येते.

मला सांगा, यांतली एखादी तरी ब्लूप्रिंट आपण हातात धरून पाहिली आहे का? उलगडून टेबलावर पसरली आहे का? तिच्यावर बोट ठेवून 'हे इथं असं का?' असं कुणाला विचारलं आहे का?

नसेल, तर आज थोडा वेळ माझ्याबरोबर मागे चला. कारण ही एक खरोखरची वस्तू होती. कागदाची, निळी, ओली करून वाळवलेली, घडीवर फाटलेली, सिमेंटच्या हातांनी मळलेली. आणि सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आजचं माझं सगळं म्हणणं तिच्यावरच उभं आहे. ब्लूप्रिंट हे योजनेचं नाव नव्हतं. ते योजनेच्या प्रतीचं नाव होतं. ज्याने योजना केली त्याच्या टेबलावर मूळ नकाशा राहायचा. ज्याला ती पार पाडायची असे त्याच्या हाती जी नक्कल जायची, ती ब्लूप्रिंट.

आधी निळ्याबद्दल थोडं बोलू. युरोपातल्या चित्रकारांना निळा रंग फार महाग पडत असे. उत्तम निळा यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतल्या लाजवर्द दगडातून, आणि त्याची किंमत सोन्याच्या पंक्तीत बसायची. आपल्याकडून जाणारी नीळ कापडाला चांगली, पण चित्रात तितकी टिकाऊ नव्हे. अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंगारी कोचिनील किड्यांपासून लाल रंग करत होता. त्याला लागणारा पोटॅश त्याने डिपेल नावाच्या किमयागाराकडून घेतला. त्या पोटॅशमध्ये जनावरांपासून काढलेल्या तेलाची भेसळ झालेली होती. लाल व्हायचं ते गडद निळं झालं. प्रशियाच्या राजधानीत सापडलं म्हणून त्याला प्रशियन ब्लू म्हणू लागले. पुढे जपानमध्ये चित्रकार होकुसाईने आपलं ते लाटेचं जगप्रसिद्ध चित्र छापलं तेव्हा हाच निळा वापरला. आणि शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७८२ मध्ये याच निळ्यातून सायनाइडचं विषारी आम्ल वेगळं केलं. सायनाइडचं नाव ग्रीक भाषेतल्या निळ्यावरून पडलं ते या नात्यामुळे. रंग मात्र स्वतः विषारी नाही, कारण त्यातलं लोखंड त्या सायनाइडला घट्ट धरून ठेवतं.

लोखंड हा शब्द लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट लोखंडाचीच आहे.

आता १८४२ साल. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात सर जॉन हर्शेल राहत होते. वडील विल्यम हर्शेल, म्हणजे १७८१ मध्ये युरेनस शोधणारे. मुलाने दक्षिण गोलार्धातलं आकाश मोजायचं मनावर घेतलं आणि १८३४ ते १८३८ ही चार वर्षं आफ्रिकेच्या टोकाला केप ऑफ गुड होपला दुर्बीण रोवून काढली. परत आले तोवर फ्रान्समध्ये दागेर आणि इंग्लंडमध्ये टॅलबट प्रकाशाने चित्र उमटवण्याच्या खटपटीत होते. १८३९ मध्ये ती बातमी फुटली आणि हर्शेलही त्यात उतरले. छायाचित्र उमटतं, पण उजेडात पुन्हा काळं पडतं, ही तेव्हाची मोठी अडचण होती. ज्या क्षाराने ते पक्कं होतं, तो, म्हणजे फोटोवाल्यांच्या तोंडचा 'हायपो', चांदीचे क्षार विरघळवतो हे हर्शेल यांनी १८१९ मध्येच दाखवून ठेवलेलं होतं. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे शब्द छायाचित्रणात त्यांनी आणले.

पण त्यांचं खरं कुतूहल चित्राचं नव्हतं, प्रकाशाचं होतं. सूर्याच्या किरणांतला कोणता रंग कोणत्या पदार्थावर काय करतो, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी ते फुलांचे रस कागदावर फासून उन्हात ठेवत होते. मग लोखंडाचे क्षार घेतले. अमोनियम फेरिक सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्हींची द्रावणं एकत्र करायची, मंद दिव्यात कागदावर फासायची, अंधारात वाळवायची. कागद पिवळसर हिरवा दिसतो. त्यावर एखादं पान ठेवा, वर काच दाबा, उन्हात न्या. ऊन जिथे पडतं तिथल्या लोखंडाचं रूप पालटतं आणि तिथे प्रशियन ब्लू तयार होतो. हा निळा पाण्यात विरघळत नाही. पानाखाली झाकल्या गेलेल्या भागात काहीच घडत नाही. तिथलं रसायन साध्या पाण्याने धुऊन जातं आणि पांढरा कागद उरतो. निळ्यावर पांढरं पान. डार्करूम नको, चांदी नको, पक्कं करायला आणखी औषध नको. ऊन आणि पाणी पुरे. हर्शेल यांनी याला सायनोटाइप म्हटलं आणि रॉयल सोसायटीपुढे मांडलं.

यात इमारतीचं कुठे नाव आहे? नाही. पुलाचं, जहाजाचं, यंत्राचं? तेही नाही. नियोजनातला हा एवढा प्रतिष्ठित शब्द अशा माणसाच्या हातून सुरू होतो, ज्याच्या मनात कसलंच नियोजन नव्हतं. त्याला फक्त प्रकाश कळून घ्यायचा होता. निव्वळ ज्ञानासाठी केलेल्या कामाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी नेहमी हा १८४२ चा निळा कागद दाखवतो.

इथे थोडं थांबून एका बाईंचं नाव घेतलंच पाहिजे. ॲना ॲटकिन्स. जन्म १७९९, वडील ब्रिटिश म्युझियममध्ये शास्त्रज्ञ, हर्शेल यांच्या ओळखीचे. समुद्रातली शैवालं ओळखून त्यांची नोंद करण्याचं काम ॲना करत होत्या. शैवालाचं चित्र हाताने काढणं फार कठीण. केसासारख्या बारीक फांद्या असतात. त्यांनी शैवालच निळ्या कागदावर ठेवलं आणि उन्हात धरलं. ऑक्टोबर १८४३ मध्ये त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग निघाला. मजकूर हाताने लिहिलेला, तोही याच पद्धतीने उमटवलेला. छायाचित्रांनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून त्याचा मान आहे. दहा वर्षं त्या हे काम करत राहिल्या. आजही ती पानं पाहिली तर निळ्या पाण्यात शैवाल तरंगतंय असं वाटतं. पण मला त्यांच्याबद्दल जे सांगायचंय ते सौंदर्याचं नाही. वस्तू जेवढी आहे तेवढीच कागदावर उतरली पाहिजे, नक्कल करणाऱ्या हाताची चूक मध्ये येता कामा नये, हा त्यांचा हट्ट होता. तीस वर्षांनी इंजिनिअरांना नेमकं हेच हवं झालं.

का हवं झालं? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं एखादं मोठं आरेखन कार्यालय डोळ्यांपुढे आणा. जहाजाचा कारखाना असो की रेल्वे इंजिनांचा. पूर्वी गवंड्यांचा प्रमुख स्वतःच योजक असे; जागेवर उभं राहून, दोरी धरून, तोंडी सांगून काम चाले. आता आरेखन एका गावात, लोखंड ओतणारे दुसऱ्या गावात, जोडणारे तिसऱ्या. एकाच नकाशाच्या वीस प्रती एकाच वेळी वीस ठिकाणी हव्यात, आणि त्या वीसही हुबेहूब हव्यात. उपाय एकच, हाताने नक्कल करायची. मूळ नकाशावर पारदर्शक कागद किंवा खळ दिलेलं तलम कापड ताणून बसवायचं आणि रेघ न रेघ शाईने गिरवायची. ब्रिटनमधल्या कार्यालयांत हे काम पुढे मुख्यतः मुलींकडे गेलं. ट्रेसर म्हणत त्यांना. क्लाइड नदीकाठच्या जहाज कारखान्यांत त्यांच्या रांगाच्या रांगा बसत. एक प्रत म्हणजे कित्येक तासांची मेहनत. आणि गिरवताना एक आकडा चुकला, तर तिकडे पोलादाची पट्टी चुकीच्या लांबीने कापली जाणार.

१८७० च्या दशकात निळा कागद बाजारात तयार मिळू लागला आणि हे सगळं बदललं. ट्रेसिंग एकदाच करायचं. ते निळ्या कागदावर ठेवायचं, लाकडी चौकटीत काचेखाली दाबायचं आणि चौकट उन्हात सरकवायची. मोठ्या कार्यालयांत त्यासाठी खिडकीतून बाहेर जाणारे रूळ असत. चौकट रुळांवरून बाहेर ढकलायची, काही मिनिटांनी आत ओढायची, कागद पाण्याच्या हौदात बुडवायचा, दोरीवर वाळत घालायचा. शाईच्या रेघेखाली ऊन पोचत नाही, म्हणून रेघा पांढऱ्या. बाकी सगळं निळं. आभाळ आलं की काम खोळंबायचं. पुढे विजेचे आर्क दिवे आले आणि उन्हाची वाट पाहणं संपलं. पण पहिली कित्येक वर्षं युरोपअमेरिकेतले पूल आणि कारखाने अक्षरशः सूर्याने छापलेल्या नकाशांवर उभे राहिले.

एक छोटी गोष्ट इथेच सांगतो, कारण ती या कागदाचा गुण फार चांगला दाखवते. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात माफेकिंग या गावाला वेढा पडला होता, १८९९ ते १९००. गावात तिकिटं संपली, नोटा संपल्या. छापखान्याचे साचे कुठून आणणार? त्यांनी निळ्या कागदाची ही पद्धत वापरली आणि गावातच टपाल तिकिटं उमटवली, एक पौंडाच्या नोटासुद्धा. एका तिकिटावर निरोप पोचवणारा सायकलस्वार मुलगा आहे. ती निळी तिकिटं आज संग्राहक जपून ठेवतात. ज्यांच्याजवळ काही नाही, त्यांनाही जी प्रत काढता येते ती ही.

आता मी सर्वात महत्त्वाच्या भागाकडे येतो. हा निळा कागद नुसता स्वस्त होता म्हणून मोठा नाही. त्याच्यावर काय लिहिलेलं असे, ते पाहा. उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकोन. त्यात कामाचं नाव. नकाशाचा क्रमांक. स्केल, म्हणजे कागदावरची एवढी रेघ जमिनीवर किती. तारीख. आरेखन कोणी केलं, ट्रेसिंग कोणी केलं, तपासलं कोणी, मंजुरी कोणाची, प्रत्येकाची सही किंवा आद्याक्षरं. नकाशात बदल झाला तर काय बदललं, केव्हा बदललं, ही नोंद. जुनी प्रत साइटवरून परत मागवायची आणि नवी द्यायची, ही शिस्त. चूक झाली तर कुणाची, हे शोधायला चौकशी समिती नेमावी लागत नसे. कोपरा वाचला की कळे.

आणि त्यात एक सूचना असे, जी आजही बांधकामाच्या नकाशांवर तुम्हाला दिसेल. नकाशावर पट्टी लावून मोजू नका. लिहिलेलं माप धरा. ही सूचना कुठून आली असेल? निळा कागद पाण्यात भिजवून वाळवलेला असे. वाळताना तो आक्रसतो, आणि सगळीकडे सारखा आक्रसत नाही. त्यावरची रेघ मुळातल्या रेघेपेक्षा किंचित आखूड होणार. म्हणून रेघेवर विश्वास नको, आकड्यावर ठेवा. किती प्रामाणिकपणा आहे यात! कागद स्वतःच सांगतोय की माझं चित्र थोडं फसवं आहे. जे वचन म्हणून धरायचं ते मी आकड्यात लिहून दिलंय. दरवाजा तीन फूट तीन इंच. भिंत नऊ इंच. त्याला वळसा नाही.

आणि प्रत कामगाराच्या हाती. हे मी पुन्हा सांगतो, कारण इथेच सगळं आहे. लोहार, सुतार, फिटर, गवंडी यांच्या हाती तीच रेघ, तोच आकडा, जो मुख्य इंजिनिअरच्या टेबलावर आहे. त्यामुळे मिस्त्री ओळंबा सोडून, टेप धरून म्हणू शकतो, 'साहेब, नकाशात नऊ फूट आहे, पण तुमचा खांब इथं आला तर आठच उरतात.' साहेबाला ऐकावं लागतं. त्या निळ्या कागदावर दुरुस्ती करायचीही सोय होती. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बोरू बुडवून लिहिलं की निळा रंग उडतो आणि अक्षर पांढरं उमटतं. साइटवरच्या माणसाने साइटवरच दुरुस्ती लिहावी आणि ती कार्यालयात परत जावी, असा तो कागद होता.

हर्शेल घराण्याची आणखी एक हकीकत या सहीच्या मुद्द्याशी जुळते, आणि ती आपल्या देशातली आहे. सर जॉन यांचा मुलगा विल्यम बंगालमध्ये कंपनी सरकारचा अधिकारी होता. १८५८ मध्ये हुगळी भागात रस्त्याच्या खडीच्या पुरवठ्याचा करार झाला. कंत्राटदार राज्यधर कोनाई. कराराची पक्की खूण म्हणून विल्यम यांनी त्याच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. बोटांच्या ठशांनी माणूस ओळखण्याच्या पद्धतीच्या इतिहासात ती घटना पहिल्या पानावर आहे. वडिलांच्या रसायनाने नकाशाची न चुकणारी प्रत दिली, मुलाने न नाकारता येणारी खूण दिली. दोन्ही गोष्टी रस्ता आणि इमारत यांच्या कामी आल्या. काम करणाऱ्याने आणि करवून घेणाऱ्याने, दोघांनीही बांधील राहावं, हाच दोन्हींचा उपयोग.

शब्दाकडे येतो. हर्शेल यांनी दिलेलं नाव सायनोटाइप. कारखान्यात कोण एवढं म्हणणार? निळी छपाई ती ब्लूप्रिंट. इंग्रजीत हा शब्द १८८० च्या दशकात लिहिलेला सापडतो. तेव्हा अर्थ एकच, निळा कागद. साधारण चाळीस वर्षांनी, १९२० च्या दशकात, तो लाक्षणिक अर्थाने येऊ लागतो. कागद नाही, निळा रंग नाही, तरी ब्लूप्रिंट. म्हणजे कुठल्याही मोठ्या कामाची तपशीलवार योजना. प्लॅन या शब्दाचाही प्रवास असाच आहे, तोही आधी सपाट कागदावर काढलेल्या आकृतीचं नाव होता. आपल्या 'आखणी'तही आधी रेघ आहे, बेत नंतर.

पण त्याच काळात हे का घडलं? कारण तो काळच योजनांचा होता. पहिल्या महायुद्धाने सरकारांना धान्य, कोळसा, रेल्वे मोजून वाटायला शिकवलं. १९२८ मध्ये सोव्हिएत रशियाची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. समाजसुद्धा इमारतीसारखा आधी कागदावर आखून मग उभारता येईल, ही कल्पना जगभर पसरली. मग तिला शब्दही इमारतीच्याच धंद्यातला मिळाला.

आपल्याकडे ही कल्पना ज्यांनी सर्वात आधी पुस्तकरूपाने मांडली, ते योगायोगाने इंजिनिअरच होते, आणि त्यांचं शिक्षण आपल्या पुण्यात झालेलं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ मध्ये इंजिनिअर झाले, मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नाशिक, खानदेश, पुणे इथे काम केलं. खडकवासल्याच्या धरणाला १९०३ मध्ये त्यांनी आपोआप उघडमिट होणारे दरवाजे बसवले. १९३४ मध्ये त्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्था कशी असावी यावर पुस्तक लिहिलं. पाण्याच्या पातळीचा आकडा मनात ठेवणाऱ्या माणसाने देशाच्या उत्पन्नाचाही आकडा मांडला. आणि १९४४ मध्ये जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास, जॉन मथाई यांच्यासह आठ जणांनी जी योजना प्रसिद्ध केली, तिला लोक मुंबई योजना म्हणतात. तिच्याशी वाद घालता येईल, तेव्हाही लोकांनी घातलाच. पण तिच्यात काय होतं? मुदत पंधरा वर्षं. खर्च दहा हजार कोटी रुपये. दरडोई उत्पन्न दुप्पट. शेतीचं उत्पन्न १३० टक्क्यांनी वाढवायचं, उद्योगाचं ५०० टक्क्यांनी, सेवांचं २०० टक्क्यांनी. खाली करणाऱ्यांची नावं. मला ही खरी ब्लूप्रिंट वाटते. पटो न पटो, तिच्यावर बोट ठेवता येतं.

इकडे शब्द मोठा होत होता आणि तिकडे मूळ निळा कागद नाहीसा होत होता. जर्मनीत डायझो पद्धत निघाली. पांढऱ्या कागदावर निळसर किंवा काळसर रेघा, पाण्यात बुडवायला नको, अमोनियाची वाफ दिली की झालं. आपल्यापैकी जे आर्किटेक्टच्या कार्यालयात गेले असतील त्यांच्या नाकात तो अमोनियाचा वास अजून असेल. मग मोठी झेरॉक्स यंत्रं, मग संगणक आणि प्लॉटर. आज साइटवर निळा नकाशा शोधून मिळणार नाही. लहान मुलांना प्रयोग म्हणून सायनोटाइप शिकवतात, काही कलावंत त्यात काम करतात, तेवढंच. वस्तू गेली आणि शब्द राहिला. शब्दाला बांधून ठेवणारी वस्तूच उरली नाही, की तो कुठेही वाहत जातो.

जीवशास्त्रात तो वाहत गेला, ते थोडक्यात सांगतो. भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांनी १९४३ मध्ये डब्लिनला व्याख्यानं दिली. तीही जाहीर व्याख्यानंच होती, अशीच, सामान्य श्रोत्यांपुढे. त्यांत त्यांनी गुणसूत्रांना वास्तुकाराच्या नकाशाची उपमा दिली, पण लगेच असंही म्हटलं की नकाशा आणि बांधणारा कारागीर दोन्ही त्यातच आहेत. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना उलगडली आणि डीएनए म्हणजे जीवनाची ब्लूप्रिंट हे वाक्य जगभर झालं. श्रोडिंगर यांची दुसरी अर्धी सावधगिरी गळून पडली. पुढे जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९८६ मध्ये स्पष्ट केलं की ही उपमा चूक आहे. डीएनए पाककृतीसारखा आहे, नकाशासारखा नाही. कारण साधं आहे. घर मोजून त्याचा नकाशा परत काढता येतो. नकाशातली एक रेघ म्हणजे घरातली एक भिंत. शरीर मोजून डीएनए परत लिहिता येत नाही. नाकाची एक रेघ कुठल्या एका जनुकात सापडत नाही. ब्लूप्रिंट म्हटलं की लोकांना वाटतं सगळं आधीच ठरलेलं आहे, मुलाची बुद्धी, स्वभाव, नशीब सगळं छापून आलेलं आहे. एका चुकीच्या शब्दाने माणसं आपल्याच मुलांकडे चुकीच्या नजरेने पाहू लागतात.

पण आपल्या सार्वजनिक जीवनात या शब्दाची जी गत झाली आहे, ती मला जास्त टोचते. आज ब्लूप्रिंट मांडली असं म्हणतात तेव्हा काय मांडलेलं असतं? संकल्प असतात. उद्दिष्टं असतात. रंगीत चित्रं असतात. त्यांत झाडं हिरवी, रस्ते मोकळे, माणसं हसरी. स्केल कुठे आहे? कुठल्या वर्षी किती किलोमीटर, कुठल्या पैशातून? कोपऱ्यातला चौकोन कुठे आहे? कुणी काढलं, कुणी तपासलं, मंजुरी कुणाची? मागच्या वेळी जी मांडली होती तिच्यात काय बदललं आणि का बदललं, ही नोंद कुठे आहे? आणि प्रत? ज्यांना ती भोगायची आहे, त्यांच्या हाती तिची प्रत कुठे आहे?

आपल्या राज्याच्या कायद्याला ही गोष्ट ठाऊक आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. त्याच्या कलम २६ प्रमाणे शहराचा प्रारूप विकास आराखडा तयार झाला की नगरपालिकेने किंवा महापालिकेने तशी सूचना प्रसिद्ध करायची, तो लोकांना पाहायला ठेवायचा, त्याच्या खऱ्या प्रती वाजवी किमतीत विकत द्यायच्या आणि हरकती व सूचना मागवायच्या. प्रती विकत द्यायच्या! कायदा करणाऱ्याला निळ्या कागदाचा अर्थ कळलेला होता. प्रत हाती आल्याशिवाय हरकत घेता येत नाही.

आणि हे चालतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने २०३४ पर्यंतचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. लोकांनी तो पाहिला. वास्तुकारांनी पाहिला, रहिवासी संघांनी पाहिला, जुन्या गावठाणांतल्या माणसांनी पाहिला. ज्या गल्लीत आपला जन्म गेला ती गल्ली नकाशात शोधली. नकाशात जमिनीवरचं बरंच काही चुकलेलं निघालं. वारसा वास्तूंच्या नोंदी, धार्मिक स्थळं, रस्त्यांच्या रेघा. हरकतींचा पाऊस पडला. एप्रिलमध्ये सरकारने तो आराखडा नव्याने करायला सांगितला, आणि सुधारलेला आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. सुधारलेलाही निर्दोष नाही, त्यावर भांडणं आहेत. पण विचार करा, त्या वेळी लोकांपुढे नकाशाऐवजी नुसती उद्दिष्टांची पुस्तिका ठेवली असती, तर कोण कशाला हरकत घेणार होतं? समतोल विकास व्हावा या वाक्यावर हरकत घेता येते का? रेघेवर घेता येते. आकड्यावर घेता येते. माझ्या विहिरीवरून तुमचा रस्ता जातोय, असं म्हणता येतं.

म्हणून मी आज या सभागृहात एक मागणी करतो, आणि ती पक्षांना नाही, आपल्याला करतो. यापुढे कुणीही व्यासपीठावरून ब्लूप्रिंट हा शब्द उच्चारला, तर सभेतून उठून एक प्रश्न विचारा, 'प्रत कुठे मिळेल?' ती मिळाली तर कोपरा वाचा. तारीख आहे का, आकडे आहेत का, सही आहे का, ते बघा. तुमच्या गावाचा, शहराचा विकास आराखडा साधारण वीस वर्षांनी नव्याने होतो. म्हणजे माणसाच्या आयुष्यात तीनचार वेळाच ही संधी येते. पुढच्या वेळी तो नगरपालिकेत पाहायला ठेवतील तेव्हा सवड काढून जा. शेजाऱ्याला बरोबर न्या. आपला सर्व्हे नंबर शोधा, शाळेचं मैदान शोधा, ओढा शोधा, बसथांब्यापर्यंतचा रस्ता शोधा. जे चुकलं असेल ते मुदतीच्या आत लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नका.